इनवर्ड तपासणी: दहा टक्के, कायमचा प्लॅन की बदलता प्लॅन?

बाहेरून टर्निंग (लेथवर कातकाम) होऊन येणाऱ्या बुशांची, म्हणजे भोक असलेल्या नळीसारख्या नगांची, इनवर्ड तपासणी (आत येणाऱ्या मालाची तपासणी) बसवताय? मग 'दहा टक्के नग बघू' ही पद्धत आधी बंद करा. 50 च्या लॉटमध्ये (एकदम आलेल्या मालात) एक बुश खराब असेल आणि तुम्ही 5 तपासलेत, तर तो लॉट 100 पैकी 90 वेळा पास होतो. 1000 च्या लॉटमध्ये 20 खराब असतील आणि 100 तपासलेत, तर पास होण्याची शक्यता जेमतेम 12 टक्के. (दोन्हीकडे एकही खराब नग चालत नाही असं धरून.) माल तेवढाच वाईट, निकाल मात्र उलटा.

आयएस 2500 भाग 1 या सॅम्पल तपासणीच्या भारतीय मानकाचा तक्ता, साधारण पातळी 2 (नेहमी वापरतात ती तपासणीची पातळी) आणि एक्यूएल 1.0 ला (एक्यूएल म्हणजे चालवून घ्यायची खराबीची टक्केवारी), 50 च्या लॉटसाठी 13 नग मागतो, 1000 साठी 80. या 80 मध्ये 2 पर्यंत खराब निघाले तरी लॉट घ्यायचा, 3 निघाले की परत.

हाच प्लॅन कायम ठेवला तर शिकवायला सोपा. पण 2 टक्के खराब माल देणाऱ्याचे 100 पैकी सुमारे 78 लॉट त्यातून पास होतात. हा तक्ता मुळात प्लॅन बदलण्याच्या नियमांसकट वापरायचा आहे. सलग पाच किंवा त्याहून कमी लॉटमध्ये दोन नापास झाले की कडक तपासणी: नग 80 च, पण खराब एकच चालतो. मग 78 चे 52 होतात. सलग पाच पास झाले की पुन्हा नेहमीची. कडक असताना एकूण पाच नापास झाले, तर पुरवठादाराने प्रक्रिया सुधारल्याशिवाय माल घेऊ नका.

सैल तपासणीत 32 नगांवर भागतं, पण त्यासाठी 30 गुण लागतात. नेहमीच्या तपासणीत 80 मध्ये 0 किंवा 1 खराब निघाला तर 3 गुण. 2 निघाले तर लॉट पास, पण गुण शून्यावर. म्हणजे सलग दहा चांगले लॉट हवेत, शिवाय उत्पादन सुरळीत हवं.

हे सगळं फसतं ते नोंदीत. नापास झाल्यावर पुरवठादाराने खराब नग निवडून काढून पुन्हा पाठवलेला लॉट मोजणीत धरतात. धरू नका, पहिल्यांदा आलेलाच मोजा. लॉटच्या निकालांचं कार्ड प्रत्येक पुरवठादाराच्या प्रत्येक पार्टला वेगळं ठेवा. लाइन थांबलीय म्हणून डेव्हिएशनवर (नापास असूनही खास परवानगीने) घेतलेला लॉट कार्डावर नापासच लिहा.

महिन्याला चार-पाच लॉट येत असतील तर बदलता प्लॅनच घ्या. वर्षातून दोनदाच येणाऱ्या पार्टला हे नियम लागूच पडत नाहीत. त्याला आयएसओ 2859-2 मधले सुट्या लॉटचे प्लॅन बघा. आणि सुरक्षेशी संबंधित बोअर (आतलं भोक) असेल तर सॅम्पल कसलं, प्रत्येक नगात प्लग गेज (भोकाचं माप तपासायचा दांडा) घाला.