ओव्याच्या तेलाचं हर्बल लिक्विड, दोन बॅच वापरल्यावर

५०० गावरान क्रॉस पक्षी आहेत. आधी आम्ही पण सगळ्यांसारखं पहिल्या दिवसापासून पाण्यात कोलिस्टिन हे अँटिबायोटिक ओतायचो, काही झालं नसलं तरी. २०१९ ला सरकारने ते कोंबड्या-जनावरांसाठी बंद केलं. शिवाय दारात येणारं गिऱ्हाईक पहिलं विचारतं, औषध मारलंय का? म्हणून हे घेतलं. ओवा, ओरेगॅनो, लसूण, हळद. नाव लिहीत नाही, लेबलं सगळ्यांची सारखीच असतात.

बाटली उघडली की शेडमध्ये बाळंतिणीच्या शेगडीसारखा वास, बायको म्हणाली कोंबड्यांचं बाळंतपण काढलंय का 😄 तो वास ओव्यातल्या थायमॉलचा, ओरेगॅनोत कार्व्हाक्रॉल असतं, दोन्ही बॅक्टेरियाचं बाहेरचं आवरण फोडतात. पाण्यात दुधासारखं मिसळतं हे महत्त्वाचं, आधी एक स्वस्तातलं आणलं होतं त्याचं तेल वर तरंगायचं आणि पाणी प्यायचे निपल चिकट होऊन बसायचे.

पहिली बॅच मस्त गेली, विष्ठा घट्ट, खाणं चांगलं, मरतुक नावालाच. पण त्याच वेळी गळके निपल पण बदलले होते, त्यामुळे श्रेय कुणाचं ते देव जाणे.

दुसरी बॅच पावसाळ्यात. पक्ष्यांखाली अंथरलेली गादी ओली, शेडमध्ये गेलं की डोळे चुरचुरायचे, पक्षी शिंकायला लागले आणि मग रोज चार-पाच मरायला लागले. दुकानदार म्हणे डोस डबल करा, साइड इफेक्ट नाही. मी केला. चार दिवस गेले त्यात, आणि जवळजवळ वीस पक्षी. शेवटी डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी मेलेला पक्षी फाडून दाखवला, लिव्हर आणि हृदयावर पांढरट पापुद्रा, ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया. ओल्या गादीतून निघणाऱ्या अमोनियाने श्वासनलिका खराब झाली की हा आत शिरतो म्हणाले, मग नमुना लॅबला पाठवून कुठलं अँटिबायोटिक लागू पडतं ते बघूनच दिलं, आणि तेवढे दिवस विक्री बंद ठेवायला लावली ती वेगळीच.

रोज द्यायला ५ पैकी साडेतीन. लेबलवर "अँटिबायोटिकची गरज नाही" छापलंय त्याला शून्य. आणि लासोटा (राणीखेत रोगाची लस) पाण्यातून द्यायच्या दिवशी हे टाकू नका, आमचे डॉक्टर त्या दिवशी पाण्यात दुसरं काहीच टाकू देत नाहीत.