हाऊस, टेक्नो की ट्रान्स? धुमालवर वाढलेल्या कानांसाठी

परवा नागपूरच्या फुटाळा तलावावर बसलो असताना माझ्या मावसभावानं विचारलं, "दादा, इलेक्ट्रॉनिक ऐकायचं आहे, पण मला सगळं सारखंच वाटते. सुरुवात कुठून करू?" त्यानं आतापर्यंत जे ऐकलं, ते मोबाइलच्या स्पीकरवर. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचा बेस उमटतच नाही, आणि या संगीताचा अर्धा जीव तर तिथेच असतो. त्यामुळे हाऊस, टेक्नो, ट्रान्स यांपैकी कोणताही प्रकार निवडा, आधी साधे वायरचे का होईना, पण हेडफोन घ्या.

वेग पाहून निवडायला गेलात तर फसाल. हाऊस साधारण मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांचं, टेक्नो आणि ट्रान्स बहुतेक वेळा त्याहून थोडे जलद. आकडे एकमेकांत मिसळतात. तिन्हींत प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, पडते. खरा फरक कान कशाच्या मागे जातो, यात आहे.

हाऊसमध्ये कान बेसच्या आणि आवाजाच्या मागे जातो. हे डिस्कोचं लेकरू. शिकागोत १९७७ साली 'वेअरहाऊस' नावाचा क्लब सुरू झाला, तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवायचे. 'हाऊस' हे नावही त्यावरूनच पडलं असं मानतात. मिस्टर फिंगर्सचं १९८६चं 'कॅन यू फील इट' ऐका. मला ते संध्याकाळी, चार माणसं घरात असताना लावायला आवडतं. गप्पा थांबत नाहीत, आणि हळूहळू सगळ्यांचे पाय हलायला लागतात.

ट्रान्समध्ये कान सुरावटीच्या मागे जातो. हिंदी गाण्यांवर वाढलेल्या माणसाला सगळे हेच सुचवतात आणि त्यात चूक काही नाही. मधे किक थांबते, सूर चढत जातात, मग ताल परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो. रॉबर्ट माइल्सचं १९९५चं 'चिल्ड्रन' यातलं सगळ्यात सोपं दार. क्लबमधून पहाटे गाडीनं घरी परतताना इटलीत तरुण मुलं अपघातात जात होती. रात्रीच्या शेवटी त्यांना शांत करता यावं, हाही हे गाणं करण्यामागचा एक हेतू होता. समृद्धीवर रात्री मी शेजारच्या सीटवर असलो की हेच लावतो. पण ट्रान्सची एक अडचण सांगतोच. तो चढ-उताराचा साचा एकदा कळला की पाचव्या-सहाव्या गाण्यात पुढं काय होणार हे आधीच कळायला लागतं. माझं मन तिथून उडालं ते त्यामुळेच.

आणि म्हणून भावाला मी टेक्नो सुचवलं. त्याला नवल वाटलं, कारण टेक्नोत ना गाणं, ना फारशी धून. पण आपण नागपूरची माणसं. मिरवणुकीतले संदल आणि धुमाल हे बँड ऐकत मोठे झालो. कीबोर्डवर कुठलंही गाणं वाजो, पाय हलतात ते तालाच्या तुकड्यावर. तोच तुकडा दहा-दहा मिनिटं फिरतो, मधेच एखादा ठोका बदलतो आणि गर्दी उसळते. आपल्या कानाला ही सवय आहे. टेक्नोही असंच चालतं, फक्त बदल फार बारीक: एक झांज उघडते, एक सूर किंचित धारदार होतो. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमध्ये एकाच शाळेत शिकलेल्या हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन यांनी त्याची पायाभरणी केली. मेचं १९८७चं 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' आधी ऐका, त्यात पियानो आहे, त्यामुळे एकदम कोरडं वाटणार नाही. उन्हाळ्याच्या दुपारी कूलर सुरू, पडदे ओढलेले, एकटा मी. टेक्नोसाठी मला याहून चांगली वेळ माहीत नाही.

ड्रम अँड बेस या आणखी एका प्रकाराचं विचाराल तर तो वर्षभरानंतर. १७०च्या पुढचा वेग, तुटक ताल. सुरुवातीलाच ऐकलं तर दमछाक होते.

चरणजित सिंग यांचंही नाव लिहून ठेवा. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या माणसानं १९८२ साली रोलंडच्या टीबी-३०३ (बेस वाजवणारं) आणि टीआर-८०८ (ड्रम वाजवणारं) या यंत्रांवर दहा राग वाजवले. शिकागोत त्याच ३०३वर अ‍ॅसिड हाऊस हा हाऊसचाच एक प्रकार उभा राहिला, तो त्यानंतर काही वर्षांनी. भैरव आधीच ओळखीचा असेल, तर सुरुवात इथूनही करता येईल.

आणि शोधताना 'एक्स्टेंडेड मिक्स', म्हणजे गाण्याची लांब आवृत्ती, बघा. तीन मिनिटांच्या रेडिओ आवृत्तीत सुरुवातीचा नुसता ताल कापलेला असतो. भावानं पहिल्या दिवशी नेमकी तीच लावली होती.