घरच्या कॉम्प्युटरवरचे नको ते स्टार्टअप प्रोग्राम बंद केले, काही महिन्यांनंतरचा अनुभव

स्टार्टअप प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटरवर लॉगिन केलं की आपोआप सुरू होणारे प्रोग्राम. सुरुवातीलाच सांगते, ते बंद करायला एक रुपयाही खर्च करू नका. बूस्टर, क्लीनर, ऑप्टिमायझर अशा नावांची जी सॉफ्टवेअर मिळतात त्यातली बरीचशी स्वतःच स्टार्टअपला जाऊन बसतात, मग उपयोग काय. विंडोजमध्ये जे आधीच आहे तेवढ्यात बरंचसं काम होतं आणि उरलेल्यासाठी ऑटोरन्स नावाचं फुकट टूल आहे. दोन्ही मी उन्हाळ्याच्या सुट्टीपासून वापरतेय, आता दिवाळीही होऊन गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण ह्या विषयावर नेटवर जे सापडतं ते बहुतेक एकट्याच्या लॅपटॉपसाठी असतं आणि ज्या कॉम्प्युटरवर घरातले चार जण बसतात तिथे प्रश्न बराच वेगळा असतो.

आमचा डेस्कटॉप पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजारातून, असेंबल करून आणलेला, आय थ्री, ८ जीबी रॅम, विंडोज ११ आणि साधी फिरणारी १ टीबी हार्ड डिस्क. वापरणारे कोण तर सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते मराठीत लेख टाइप करतात. नवरा टॅक्सची कामं करतो. मुलगी नववीत, तिचा अभ्यास आणि गेम. आणि मी. प्रत्येकाने आपापल्या गरजेचं काहीतरी टाकलेलं आणि जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामने इन्स्टॉल होताना स्वतःला स्टार्टअपमध्ये घालून घेतलेलं. कोथरूडला आमच्या भागात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट गेली की आल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं आणि पासवर्ड टाकल्यावर ब्राउझर धड उघडेपर्यंत तीन-चार मिनिटं नुसती डिस्कची खरखर.

आधी टास्क मॅनेजर, म्हणजे काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजचीच खिडकी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, त्यात स्टार्टअप ॲप्स म्हणून भाग आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून ही सोय इथे आलीय, त्याआधी एमएसकॉन्फिग नावाच्या विंडोजच्या वेगळ्या टूलमध्ये जावं लागायचं. नावावर राइट क्लिक करून डिसेबल, बस. डिसेबल केल्याने प्रोग्राम उडत नाही हे घरच्यांना मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, तो आपोआप सुरू होत नाही एवढंच, आयकॉनवर क्लिक केलं की पहिल्यासारखा चालतो.

तिथे स्टार्टअप इम्पॅक्ट नावाचा कॉलम असतो, त्यात हाय, मीडियम, लो लिहिलेलं असतं. हाय म्हणजे सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचणं-लिहिणं. आता ३ एमबी म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही, त्यामुळे हाय दिसलं की दणादण बंद करत सुटू नका, पण साधी हार्ड डिस्क असेल तर असे दहा-बारा हाय एकाच वेळी डिस्कवर तुटून पडतात आणि खरा उशीर तिथे होतो.

काय बंद करायचं हे ठरवायला मी सगळ्यांना शेजारी बसवलं आणि एकेक नाव वाचत गेले, आणि माझ्या मते ह्या सगळ्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. मुलीचे गेम लाँचर (ज्यातून गेम उघडतात ते प्रोग्राम), गाण्यांचं ॲप, मीटिंगची ॲप, प्रिंटरबरोबर आलेला शाई किती उरली सांगणारा प्रोग्राम, हे सगळं कोणाचीही हरकत न येता बंद झालं. पण अण्णांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मागे राहून कीबोर्ड बदलत असतं, ते बंद केलं तर त्यांच्या दृष्टीने कॉम्प्युटरच बिघडला. नवऱ्याच्या डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनसोबत एक छोटा प्रोग्राम येतो, त्याचं नाव बघून मला तरी काहीच बोध झाला नसता, पण रिटर्नवर सही करताना तोच लागतो. क्विक हील अँटीव्हायरस आहे, आपल्या पुण्यातलंच, त्याला अर्थातच हात लावला नाही. साउंड ड्रायव्हरचं, म्हणजे आवाजाचा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, जे असतं तेही राहू दिलं. क्लाउडवर फोटो चढवणारा प्रोग्राम मी बंदच करणार होते, पण नवऱ्याच्या कामाच्या फाइलींचा बॅकअप त्यातूनच जातो हे त्याने सांगितलं, मग तोही चालू. एकटीने बसून यादी साफ केली असती तर ह्यातलं निम्मं मला कळलं नसतं.

दुसरी गोष्ट अकाउंटची. स्टार्टअपच्या काही नोंदी सगळ्या कॉम्प्युटरसाठी असतात आणि काही फक्त त्या त्या यूजरच्या, म्हणजे मी माझ्या अकाउंटमधून गेम लाँचर बंद केला तरी मुलीच्या लॉगिनला तो येणारच. प्रत्येकाच्या अकाउंटमध्ये जाऊन एकेकदा बघावं लागतं, त्याला पर्याय नाही. आणि आपल्याकडे सवय अशी की एकाचं काम झालं की साइन आउट न करता दुसरा आपलं लॉगिन उघडतो, मग पहिल्याचं सगळं मागे चालूच राहतं आणि ८ जीबी रॅम दोघांत वाटली जाते. साइन आउट करायची सवय लावली आणि त्याचा फरक मला स्टार्टअप साफ केल्याइतकाच जाणवला, खरंच.

एवढं करूनही काही गोष्टी उगवतच होत्या. दोन ठिकाणं तपासा. सेटिंगमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स, तिथे साइन आउट करताना उघडी असलेली (रिस्टार्टेबल) ॲप लक्षात ठेवून पुन्हा लॉगिन केल्यावर उघडायचं एक बटण असतं, ते चालू असेल तर स्टार्टअपमध्ये नसलेली ॲपसुद्धा परत उघडतात. आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टीमखाली, क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवायचा पर्याय असतो, तो बंद करा.

आता ऑटोरन्स. हे सिसइंटर्नल्सच्या टूलपैकी एक, मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल ह्यांनी सुरू केलेलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली आणि तेव्हापासून टूल त्यांच्याच साइटवर फुकट मिळतात. इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत जे येत नाही ते इथे दिसतं, म्हणजे शेड्यूल्ड टास्क (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं), सर्व्हिस (मागे न दिसता चालणारे प्रोग्राम), ड्रायव्हर सगळंच, आणि पहिल्यांदा उघडल्यावर शेकडो ओळी बघून छातीत धस्स होतं. घाबरू नका, ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, यादी एकदम आटोपशीर होते. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइलच जागेवर नाही, आमच्याकडे कधीच काढून टाकलेल्या प्रोग्रामच्या अशा बऱ्याच निघाल्या. गुलाबी ओळ म्हणजे बनवणाऱ्या कंपनीची माहिती नाही किंवा फाइलवरची तिची डिजिटल सही पटत नाही, पण गुलाबी म्हणजे व्हायरसच असं नाही, छोट्या कंपन्यांची साधी युटिलिटीसुद्धा गुलाबी दिसते.

इथे एकच नियम पाळते, डिलीट करायचं नाही, फक्त टिक काढायची. टिक काढली की नोंद बाजूला ठेवली जाते, परत लावली की परत येते. सुरुवात करायच्या आधी फाइल मेनूतून सगळी यादी सेव्ह करा, नंतर कम्पेअर करून नवीन काय घुसलं ते बघता येतं, आणि इतक्या महिन्यांच्या वापरात हीच सोय मला सर्वात उपयोगी पडली. ड्रायव्हर आणि सर्व्हिसच्या टॅबमध्ये मात्र ज्याचं नाव ओळखीचं नाही त्याच्या वाटेला जात नाही.

फरक किती पडला तर, बटण दाबल्यापासून लॉगिनचा स्क्रीन येईपर्यंतचा वेळ जवळपास होता तेवढाच आहे, तो ह्या प्रोग्राममुळे लागतच नव्हता. लॉगिननंतरचा वेळ मात्र मिनिटाच्या आत आलाय आणि अण्णा आता कॉम्प्युटर चालू करून पेपर वाचायला जात नाहीत. स्वतः बघायचं असेल तर रिस्टार्ट करून बघा, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन पूर्ण बंद करत नाही, सिस्टीमचा भाग डिस्कवर साठवून ठेवतं, रिस्टार्टला मात्र सगळं नव्याने सुरू होतं. इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही, तिच्यात डायग्नोस्टिक्स परफॉर्मन्सच्या लॉगमध्ये १०० नंबरच्या इव्हेंटला बूटचा, म्हणजे कॉम्प्युटर सुरू व्हायचा, वेळ मिलिसेकंदात लिहिलेला असतो आणि १०१ मध्ये कोणत्या प्रोग्रामने उशीर केला त्याचं नाव, अंदाजापेक्षा हे बरं.

एकदा केलं आणि झालं असं मात्र होत नाही. मोठं अपडेट आलं की काही प्रोग्राम स्वतःला परत यादीत घालतात, आमच्याकडे प्रिंटरचा आणि एक गेम लाँचर असे परत आलेच. लाँचरच्या बाबतीत टास्क मॅनेजरमधून बंद करण्यापेक्षा त्याच्याच सेटिंगमध्ये जाऊन लॉगिनला सुरू व्हायची टिक काढली, तेव्हापासून तो गप्प आहे. म्हणून आधी प्रोग्रामचं स्वतःचं सेटिंग, मग टास्क मॅनेजर आणि शेवटी ऑटोरन्स असा क्रम ठेवलाय. महिन्यातून एकदा सेव्ह केलेल्या यादीशी कम्पेअर करते, चहा पिता पिता होतं.

ज्यांचं मशीन अजून साध्या हार्ड डिस्कवर आहे त्यांनी जमेल तेव्हा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकाच, त्याने जो फरक पडतो तो ह्या सगळ्याच्या वर आहे, आम्हीही टाकणार आहोत. पण रॅम ८ जीबीच राहणार असेल तर मागे चालणारे प्रोग्राम एसएसडीवरही रॅम खातातच, त्यामुळे ही यादी तेव्हाही लागेल. मुलीला आता नवीन काही टाकताना शेवटच्या पानावरची 'विंडोजबरोबर सुरू करा' ही टिक काढायला शिकवलंय, आणि मागच्या आठवड्यात तिने ती न सांगता काढली.