माझ्दा आरएक्स-८: काळे प्लग, डुगडुगणारा आयडल आणि काही महिन्यांच्या वापरानंतरचा हिशेब

गाडी ब्रिटनमधली, पहिल्या मालिकेतली २३१ पीएसची (अश्वशक्ती), सहा गिअरची. इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात. तक्रार नेहमीचीच: थंडीत सुरू होते, पण सिग्नलला उभी राहिली की आरपीएमचा काटा ८०० वरून ६०० वर डुबकी मारून परत येतो, मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो, आणि ३००० च्या आसपास हलका पाय दिला तर गाडी मिसिंग मारते. हिवाळा ओलांडून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर लिहिण्यासारखं एवढंच, की नुसते नवे प्लग टाकून आयडल, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची मंद चाल, सुधारतो तो काही आठवड्यांपुरता. ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइल आणि ती प्लगपर्यंत नेणाऱ्या लीड बदलल्यावर तो टिकतो. आणि कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) गेलेलं असेल तर दोन्हींनी टिकत नाही.

‘रोटरी आहे, आयडलला अशी हलणारच’ हे वाक्य या गाडीच्या बाबतीत ऐकून घेऊ नका. जुन्या आरएक्स-७ च्या १३बी इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट रोटर हाउसिंगच्या परिघावर असायचं. इनटेक आणि एक्झॉस्ट काही काळ एकदमच उघडे राहायचे, जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळायचा, म्हणून ती इंजिनं मंद गतीला थोडी अडखळत. २००३ मध्ये आलेल्या रेनेसिसमध्ये, म्हणजे आरएक्स-८ च्या इंजिनात, एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या भिंतीत गेलं आणि हा ओव्हरलॅप संपला. निरोगी रेनेसिस आयडलला चांगल्या सहा सिलिंडर इंजिनाइतकं शांत असतं. अडखळत असेल तर कुठेतरी बिघाड आहे, एवढाच त्याचा अर्थ.

प्लग काळे का पडतात ते आधी समजलं तर पुढचे पैसे वाचतात. या इंजिनात ६५४ सीसीचे दोन रोटर, मिळून १३०८ सीसी. प्रत्येक रोटरला दोन प्लग: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. रोटरची एक फेरी होईस्तोवर शाफ्टच्या तीन होतात आणि रोटरला बाजूही तीनच, म्हणून शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक प्लगला एकदा ठिणगी द्यावी लागते. फोर-स्ट्रोक पिस्टन इंजिनाच्या प्लगला याच्या निम्मं काम असतं. त्यात ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी, भिंतींचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे थंड भिंतीजवळचं मिश्रण नीट जळत नाही. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो. शिवाय एपेक्स सीलना (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना) वंगण मिळावं म्हणून मीटरिंग पंप इंजिन ऑइल मुद्दाम आत सोडतो आणि तेही जळतं. एवढी काजळी प्लगच्या सिरॅमिकवर बसली की विजेला गॅप ओलांडण्यापेक्षा काजळीवरून बॉडीला उतरणं सोपं जातं. ठिणगी पडत नाही, पेट्रोल तसंच राहतं, प्लग आणखी ओला होतो.

आता यात कॉइल कुठे येते? जोरदार कॉइल थोड्याफार काजळीवरही ठिणगी पाडते आणि ज्वलन चालू राहिलं की प्लग तापून स्वतःला साफ करतो. दमलेली कॉइल ते करू शकत नाही. पहिल्या मालिकेच्या कॉइल कमकुवत म्हणून प्रसिद्धच आहेत, कंपनीने त्यांच्या सुधारित आवृत्त्याही काढल्या. चार कॉइल एका ब्रॅकेटवर इंजिनाच्या वरच्या उष्णतेत बसलेल्या असतात आणि त्या एका दिवसात मरत नाहीत, हळूहळू दमतात. ५०-६० हजार किलोमीटरला चारही एकदम बदलाव्यात असं माझं मत आहे. एकच बदलणं म्हणजे पुढच्या तिघींची वाट पाहत बसणं.

तपासायचं कसं? सगळ्यात उपयोगी पडलं ते साधं टायमिंग लाइट, म्हणजे लीडमधल्या प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा. इंजिन आयडलला ठेवून क्लॅम्प एकेका लीडवर लावायचा. लखलखाट एका लयीत असेल तर ठीक, मध्येच खंड पडत असेल तर ती कॉइल किंवा तिची लीड संशयित. इग्निशन बंद करून एका कॉइलचा कनेक्टर काढायचा आणि इंजिन सुरू करून ऐकायचं, हाही मार्ग आहे, पण निकाल वाचताना सावध राहा. लीडिंगचा काढला तर इंजिन लगेच लंगडतं. ट्रेलिंगचा काढल्यावर आयडलला फारसा फरक जाणवत नाही, कारण मुख्य जाळ लीडिंगच लावतो. त्यामुळे ‘काढला तरी फरक नाही, म्हणजे ही कॉइल मेली’ हा पिस्टन इंजिनावरचा ठोकताळा इथे फसतो. चाचणी अर्ध्या मिनिटाच्या आत संपवा.

गाडीचे बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०१ म्हणजे पुढच्या रोटरची मिस, पी०३०२ म्हणजे मागच्या, पी०३०० म्हणजे कुठलीही. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. त्याचं कारण पुढे कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) भागात आहे.

प्लग बदलणं कठीण नाही, अडचणीचं आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. डावीकडचं पुढचं चाक काढायचं, गाडी जॅकवर नाही तर स्टँडवर ठेवायची. चाकाच्या खोबणीतून हात घातला की चारही प्लग दिसतात. २१ मिलिमीटरचा प्लग पाना, सहा इंची एक्स्टेन्शन आणि एक लवचीक सांधा एवढं पुरतं. एका वेळी एकच प्लग काढा, म्हणजे लीडची अदलाबदल होणार नाही. लीडवर एल१, टी१, एल२, टी२ अशा खुणा असतात, पण जुन्यांवरच्या पुसट झालेल्या असतात, म्हणून आधी फोटो काढून ठेवा. बूट ओढून नाही, आधी पिळून सैल करायचा.

लीडिंगला एनजीकेचा आरई७सी-एल, ट्रेलिंगला आरई९बी-टी. एनजीकेच्या पद्धतीत आकडा मोठा तो प्लग थंड प्रकृतीचा, त्यामुळे वरचा आणि खालचा एकमेकांच्या जागी चालत नाही. रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून सुरुवातीचे आटे हातानेच लावा. प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा खोचून फिरवला तर आटा तिरका लागतोय ते लगेच कळतं, कारण नळी घसरते. शेवटी टॉर्क रेंचवर १३ ते १८ न्यूटन-मीटर. आट्यांना अँटी-सीझ फासून तेवढाच टॉर्क दिला तर प्रत्यक्षात तो जास्त पडतो, म्हणून कोरडेच लावलेले बरे. नकली इरिडियम प्लग ऑनलाइन भरपूर विकले जातात. चार प्लग एका प्लगच्या भावात मिळत असतील तर काय ते समजून घ्या.

काढलेले प्लग लगेच फेकू नका, क्रमाने मांडून बघा. कोरडी, भुसभुशीत काजळी चारही प्लगवर सारखी असेल तर मिश्रण जाड आहे किंवा गाडी तापायच्या आत बंद केली जाते. ती एकाच प्लगवर असेल तर त्याची कॉइल किंवा लीड. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे त्याला ठिणगीच मिळाली नव्हती. पांढुरका-करडा खरखरीत थर ही जळलेल्या ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख, थोडी असेल तर घाबरायचं कारण नाही. चेतक-लुनाच्या काळात प्लग काढून पॉलिश पेपर मारायची सवय ज्यांच्या हाताला आहे, त्यांनी ती इथे आवरावी. इरिडियमचं टोक बारीक असतं, तारेच्या ब्रशने ते तुटतं आणि गॅप वाकवून सेट करण्याचाही प्रश्न येत नाही. फक्त ओला झालेला प्लग ब्रेक क्लीनरने धुऊन वाळवून परत लावता येतो. बाकी नवेच. कागदावर यांचं आयुष्य बरंच आहे, पण छोट्या फेऱ्यांच्या गाडीला २५-३० हजार किलोमीटरला बदलावेत.

नवे प्लग, कॉइल आणि लीड लावूनही काटा थोडा डोलत असेल तर एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) बघा. ब्रीदरमधून (इंजिनाच्या वाफेच्या नळीतून) आलेली ऑइलची वाफ इनटेकच्या नळीत जमते आणि सेन्सरपर्यंत पोचते. त्यासाठी मिळणाराच स्प्रे वापरा, कार्ब क्लीनर नको, आणि तारेला बोट लावू नका. थ्रॉटलच्या पाकळीमागची चिकट काळी कडाही पुसा आणि इनटेकच्या घडीदार रबराला चीर नाही ना ते वाकवून पाहा. हे झाल्यावर इग्निशन ऑन ठेवून आठ सेकंदांत वीस वेळा ब्रेक दाबायचा. ऑइल प्रेशरचा काटा हलून परत आला की जुनी शिकलेली मूल्यं पुसली गेली. मग इंजिन सुरू करून स्वतःच्या गतीने स्थिरावू द्यायचं. हा पहिल्या मालिकेचा उपाय आहे.

एक गोंधळ टाळा. काटा स्थिर पण स्टिअरिंग आणि सीट थरथरते, तर ती मिस नाही. इंजिनाखालची रबरी माउंटिंग दबून बसलेली आहेत, ती या गाडीत बसतातच.

हिवाळ्यात प्रश्न प्लगपेक्षा सवयीचा असतो. दारातून काढून दोन मीटर पुढे लावली आणि बंद केली, हा या इंजिनाला फ्लड करण्याचा, म्हणजे पेट्रोलने प्लग भिजवण्याचा, खात्रीचा मार्ग. सुरू केली तर तापमानाचा काटा मधे येईपर्यंत चालवायची. अगदीच लवकर बंद करावी लागली तर ३००० वर दहाएक सेकंद ठेवून, पाय काढून, गती उतरताना चावी फिरवायची. फ्लड झालीच तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. त्या स्थितीत कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो आणि आतलं पेट्रोल बाहेर पडतं. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये स्टार्टरला विश्रांती. मग पाय काढून साधी सुरुवात. नाही झाली तर प्लग वाळवण्याशिवाय उपाय नाही. बॅटरी मरगळलेली असेल तर हे सगळं व्यर्थ, कारण मंद फिरणाऱ्या रोटरला कॉम्प्रेशन मिळत नाही. आणि पूर्ण तापल्यावर अधूनमधून लाल रेषेपर्यंत रेस द्या. जपून, दोन हजारांवर चालवलेल्या गाडीत काजळी जास्त धरते.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळण्यावर लोक हातघाईवर येतात. जासो एफडी दर्जाचं (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा), लिटरला ४ मिली म्हणजे भरलेल्या टाकीला साधारण २४० मिली, या प्रमाणात महिनोन्‌महिने वापरूनही प्लगवर वेगळा थर दिसत नाही. फायदा सीलना होतो, आयडलला नाही. दुप्पट घातलं तर दुप्पट फायदा होत नाही, राख मात्र वाढते. इंजिन ऑइलची डिपस्टिक दर दुसऱ्या टाकीला बघायचीच, ते कमी होणं हा दोष नव्हे.

आता कॅट. मिस झालेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटमध्ये पेटतं, आतली जाळी वितळते, वाट तुंबते. मग वरच्या गतीला दम कमी होतो, गाडीखालून जळका वास येतो आणि अडलेली उष्णता इंजिनाच्या सीलवर परत येते. म्हणजे कॉइलचा खर्च टाळला तर आधी कॅटचा आणि मग इंजिनाचा येतो. वापरलेली गाडी घेताना पी०४२० (कॅट नीट काम करत नसल्याचा कोड) जुना दिसला तर ऑक्सिजन सेन्सरच्या भोकातून बॅकप्रेशर, म्हणजे एक्झॉस्टमध्ये तुंबलेला दाब, मोजून घ्या.

आणि गाडी घेण्याआधी कॉम्प्रेशन. साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो, एक बाजू मेलेली असली तरी लपते. रोटरीसाठीचा टेस्टर लागतो, जो तीनही आकडे वेगळे दाखवतो. इंजिन गरम, २५० आरपीएमला धरून ८३० किलोपास्कल म्हणजे नव्यासारखं, ६८० ही खालची मर्यादा. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १५० पेक्षा आणि दोन रोटरमध्ये १०० पेक्षा जास्त फरक नको. थंडीत झटकन सुरू होणारी आणि गरम असताना सेल्फ मारत ठेवावा लागणारी गाडी बहुधा या मर्यादेखाली असते. अमेरिकेत २००४ ते २००८ च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली होती, तेव्हा ही भीती काल्पनिक नाही.

आकडे ७०० च्या वर असतील तर प्लग, लीड, कॉइल एकत्र बदला. गाडी पैसे वसूल करून देते: सिग्नलला काटा हलत नाही, वास जातो, शहरात लिटरला सहा-सात किलोमीटरवर येते. तो आकडा ऐकून हसू आलं तर ही गाडी तुमच्यासाठी नाही. आकडे ६८० च्या खाली असतील तर नव्या कॉइलवर एक पैसाही घालू नका, तो इंजिन उघडण्यासाठी ठेवा.