टर्की घेताय? आधी विकणाऱ्याच्या फार्मवर कोंबडी दिसते का बघा

टर्की पाळायला घेऊन माझे गेले ४१,५५० रुपये. आकडा आधीच सांगतो, कारण गावात कुणी लाख म्हणतंय, कुणी दीड लाख. टर्कीची ४० पिल्लं, ५५० ला एक, म्हणजे २२,०००. लसीकरण पिल्लामागे ४५ प्रमाणे १,८००. 'स्पेशल टर्की खाद्य' पाच पोती, २,६५० नं १३,२५०. गाडीभाडं १,५००. आणि 'बायबॅक नोंदणी', म्हणजे मोठे झालेले पक्षी विकणाराच परत विकत घेणार त्याची, ३,०००. पक्की पावती फक्त पिल्लांची आणि लसीची. बाकी यूपीआयवर, तेही विकणाऱ्याच्या मेहुण्याच्या खात्यात. तिसऱ्याच्या खात्यावर पैसे मागितले की तिथूनच माघारी फिरा.

"इमू, कडकनाथ विसरलास का?" असं जो तो विचारतो. विसरलो नव्हतो. २०१२ ला तमिळनाडूत पेरुंदुराईचं इमू प्रकरण झालं, २०१९ ला इस्लामपूरचं कडकनाथ; दोन्हीकडे पक्षी पाळायच्या योजनेत शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. आमच्या भावकीतली माणसं त्यात पोळली आहेत. म्हणून तर दीड-दोन लाखांची ठेव, महिन्याला परतावा असलं काही कानावर आलं असतं तर माणूस दारातच थांबवला असता. पण हा म्हणाला, "दादा, स्कीम-बिम काही नाही. घरी गावरान कोंबड्या आहेतच ना? त्यांच्यातच सोडा. वेगळं शेड नको, गडी नको. मोठी झाली की ३५० रुपये किलोनं जिवंत वजनावर मीच उचलतो." यात संशय कशाचा घ्यायचा? आईनं परसात कोंबड्या पाळून वर्षानुवर्षं घरचा किराणा भरला आहे.

आता जे आठवलं की अजून डोकं फिरतं ते सांगतो. त्याच्या फार्मवर पिल्लं निवडत होतो. शेजारच्या वस्तीवरची एक कोंबडी कुंपणाखालून आत आली. तिथला पोरगा हातातलं काम टाकून धावला, दगड मारमारून तिला पार रस्त्यापलीकडे हाकललं, आणि जिथे ती उकरत होती तिथे चुना टाकला. चुना! मी विचारलं, "एवढं काय रे?" तो मालकाकडे बघायला लागला. मालक हसला, "आमचं खाद्य महाग आहे हो, फुकट्यांना कशाला?" मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. जो माणूस मला सांगतोय की कोंबड्यांत बिनधास्त सोडा, त्याच्या स्वतःच्या आवारात एक कोंबडी चालत नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार?

पिल्लं आधी छान होती. मग पंख पाडून उभी राहायला लागली, खाणं सोडलं, विष्ठा गंधकासारखी पिवळी. कोंबड्या मात्र ठणठणीत, म्हणून मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशयही आला नाही. ४० पैकी ३४ मेली.

ओळखीच्या एका निवृत्त पशुवैद्यकांनी एक मेलेलं पिल्लू फाडून दाखवलं. यकृतावर खोलगट गोल चट्टे. रोगाचं नाव ब्लॅकहेड. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात एक बारीक जंत असतो, त्याच्या अंड्यांतून हा रोगजंतू पसरतो. कोंबडीला बहुधा काही होत नाही, टर्की पटापट मरते. ती अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, गांडुळांतूनही जातात. म्हणजे ज्या परसात कोंबड्या उकरत आल्या, तिथे आज कोंबड्या काढून टर्की सोडली तरी धोका आहेच. खाद्याचाही प्रश्नच: टर्कीच्या लहान पिल्लांना २८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, आणि माझ्या पोत्यांची लेबलंच फाडलेली होती.

डॉक्टरांना लसीचं कार्ड दाखवलं. त्यावर तिसरी ओळ: 'ब्लॅकहेड', तारीख, शिक्का. ते म्हणाले, "अरे, या रोगाची लसच बाजारात मिळत नाही." म्हणजे त्याला रोगाचं नाव ठाऊक, कोंबड्यांमुळे होतो हेही ठाऊक, आणि त्याच रोगाच्या खोट्या लसीचे पैसे माझ्याकडूनच घेतले. याला धंद्यातलं नुकसान म्हणायचं?

बायबॅकचं विचारलं तर करारातलं कलम पुढे: किमान २५ पक्षी, मरतूक शेतकऱ्याची. उरलेले सहा त्यानं बघितलेही नाहीत.

सरकारी दवाखान्यात मेलेली पिल्लं घेऊन गेलो तर डॉक्टर शिबिराला गेलेले. पुन्हा गेलो तर, "पक्षी शिळा झाला, ताजा मेलेला आणा." आता मरणाची वेळ कार्यालयाच्या वेळेत कशी बसवायची? पंचनामा मागितला तर, "टर्की आमच्या योजनेत नाही." १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर म्हणे तुम्हीच माल बघून पैसे दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. पोलीस ठाण्यात अर्ज वाचून हवालदार शेजारच्याला म्हणाला, "कोंबड्या मेल्या म्हणून चारशेवीस!" मी म्हटलं, टर्की. तर म्हणे दिवाणी बाब आहे, आणि फार्म आमच्या हद्दीत नाही. हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यावा लागतो, हे नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. ते दाखवलं तर साहेबांना भेटा. साहेब बंदोबस्तावर. खोट्या लसीचं कार्ड समोर ठेवलंय, त्याकडे बघायला कुणाला सवड नाही; मी टर्की पाळलीच कशाला, एवढंच सगळ्यांना विचारायचंय.

शेवटी ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. समोरचा 'व्यापारी हेतू' म्हणून ओरडणार. पोट भरण्यासाठी स्वतः केलेला धंदा त्यात मोडत नाही, हे पहिल्याच अर्जात लिहा. मेलेल्या पक्ष्यांचे तारखेसह फोटो ठेवा. फोनवरचं बोलणं लेखी मागा, देत नसेल तर तुम्हीच मेसेज टाका.

तो आता शेजारच्या जिल्ह्यात विकतोय, नाव बदलून. जाहिरातीच्या मेसेजमधलं वाक्य तेच आहे, 'कोंबड्यांसोबत सहज वाढणारी टर्की'. ज्यांच्याकडे त्याचं लसीचं कार्ड असेल त्यांनी ते फेकू नका. तिसरी ओळ बघा.