वणी-मारेगाव रस्त्यावरचा वायरिंगवाला : बॅकहोचे कोड काढून देतो

ज्यांच्याकडे २०२१ नंतरची बॅकहो आहे त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. आमच्याकडे सगळ्याच बॅकहोला जेसीबी म्हणतात, म्हणून कंपनी कोणती ते राहू द्या. एप्रिल २०२१ पासून चाकाच्या मशीनला धुराचा सीईव्ही स्टेज-४ चा नियम लागला आणि इंजिनावर कॉमन रेल (डिझेल जास्त दाबानं सोडणारी नळी), ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), जागोजागी सेन्सर असं सगळं आलं. जुन्या इंजिनाला गावातला मिस्त्री नुसता कान लावायचा आणि पंप आहे की नोझल ते सांगायचा. आता पिवळा दिवा लागतो, समोरच्या मीटरवर बिघाडाचे आकडे म्हणजे कोड येतात आणि मशीन रेस घेणं सोडून देते.

माझी मशीन मे महिन्यात अशीच बसली. ३० बाय ३० चं शेततळं अर्धं खोदून झालं होतं. मृग लागला की काळ्या मातीत मशीन उतरत नाही, त्यामुळे मे महिन्याचा एकेक दिवस आमच्यासाठी कमाईचा असतो. मीटरवर तीन कोड आले : १००-४, १०२-४ आणि ३५०९-४. तालुक्याच्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्यानं फोनवर १०० नंबर शोधला, ऑइल प्रेशर निघालं, आणि ऑइल प्रेशरचा सेन्सर बदलून दिला. तीन हजार आठशे रुपये. कोड पुसले, मशीन चालली, अर्ध्या तासानं परत तेच तीन आकडे. मग म्हणाला की आता बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाचा, सेन्सर टाकून पाहू, नाही जमलं तर ईसीएम. ईसीएमची किंमत ऐकून मी त्याला तिथंच थांबवलं.

पांढरकवड्याच्या एका ट्रकवाल्यानं मग या वायरिंगवाल्या पोराचं नाव सांगितलं. वणीहून मारेगावला जाताना रस्त्याला लागूनच टिनाचं शेड आहे, पाटी नाही. बाहेर दोन-तीन टिप्पर उभे असतात, त्यावरून ओळखायचं. नाव आणि नंबर लिहू का म्हणून त्याला विचारलं होतं. नको म्हणाला, उन्हाळ्यात आलेलेच फोन उचलणं होत नाहीत. म्हणून इथं टाकत नाही.

फोनवर त्याचा पहिला प्रश्न होता, “काका, तिन्ही कोड एकदमच आले का एकामागून एक?” एकदमच, मी म्हटलं. “मग पुसू नका. जसे हायेत तसे राहू द्या. तीन-तीन जागा एका मिनिटात कशा मरतीन?”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मोटारसायकलवर आला. पाठीवर बॅग, त्यात कोड वाचायचा स्कॅनर, मल्टीमीटर, सोल्डरिंगचं सामान आणि एक साधं घड्याळी प्रेशर गेज. स्कॅनर लावायच्या आधी त्यानं ऑइलची काडी काढून पाहिली. मग नवा सेन्सर खोलून त्या जागी ते गेज बसवलं, मशीन चालू केली आणि ऑइलचं प्रेशर डोळ्यानं पाहिलं. बरोबर होतं. हे मला फार पटलं, कारण १००-१ आणि १००-४ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला आकडा जागा सांगतो : १०० म्हणजे ऑइल प्रेशर, १०२ म्हणजे टर्बोचं बूस्ट, ११० म्हणजे पाण्याचं तापमान. दुसरा आकडा तक्रार कशाची ते सांगतो. १ आला तर ऑइलचं प्रेशर खरंच पडलेलं असू शकतं, तेव्हा इंजिन त्याच क्षणी बंद करायचं. ४ म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा कमी, ३ म्हणजे जास्त, ५ म्हणजे करंटच जात नाही, वायर तुटली असेल. ३, ४, ५ आले की त्याचा हात पान्याकडे जात नाही, मल्टीमीटरकडे जातो.

आणि ३५०९ म्हणजे सेन्सरना जाणारा पाच व्होल्टचा सप्लाय. ऑइल आणि बूस्ट या दोन्ही सेन्सरला तो एकाच लाइनवरून जातो. तालुक्याच्या मिस्त्रीनं हाच तिसरा आकडा सोडून दिला होता.

चावी ऑन, इंजिन बंद. बूस्टच्या सेन्सरचा कपलर (वायरीचा जोड) काढला आणि सप्लायच्या पिनवर मल्टीमीटर धरला. पाचच्या जागी ०.३ व्होल्ट. त्यानं त्या लाइनवरचे बाकीचे कपलरही एकेक करून सोडवले. सांगत होता की एखादा सेन्सर आतून शॉर्ट असला तर त्याचा कपलर काढल्याबरोबर पाच व्होल्ट परत येतात. सगळे काढले तरी ०.३ च. म्हणजे दोष सेन्सरचा नाही, वायरच कुठंतरी बॉडीला लागून राहिली असणार.

मग जे झालं ते मी जवळ बसून पाहिलं. मल्टीमीटर माझ्या हातात दिला, “आकडा बोलत राहा काका” म्हणाला, आणि वायरिंगची जुडी इंजिनाच्या मागून वीत-वीत चाचपत निघाला. मी म्हणत होतो, शून्य तीन, शून्य तीन, शून्य तीन. हायड्रोलिक पायपाच्या पट्टीजवळ त्यानं जुडी थोडी वर उचलली आणि माझ्या हातातल्या मीटरवर आलं ४.९८. खाली सोडली, परत शून्य तीन. जुडी धरणारा क्लॅम्प तुटला होता. इंजिन थरथरायचं तसतशी जुडी पट्टीच्या धारेवर घासायची. वरची नळी फाटली होती, आत एका वायरचं प्लास्टिक गहू-दाण्याएवढं उडालं होतं आणि तांबं चमकत होतं. तेवढ्याशा जागेपायी मशीन दोन दिवस उभी होती.

टेप गुंडाळून मोकळा झाला नाही. खराब तुकडा कापला, नवीन वायर सोल्डर केली, वर हीट श्रिंकची नळी चढवून लायटरनं आवळली, जुडीला नवी नळी घातली आणि रबर लावून नवा क्लॅम्प मारला. मग दोन तास मशीन चालवून पाहिली आणि त्यानंतरच कोड पुसले. एकूण घेतले दोन हजार सहाशे, त्यात पेट्रोलही आलं. जुना ऑइल सेन्सर तपासून म्हणाला, हा चांगला आहे, जपून ठेवा.

ऑगस्टमध्ये परत बोलवावं लागलं. मीटरवर कधी आकडे, कधी नुसत्या आडव्या रेघा, आणि कोड ६३९. ही कॅन लाइनची तक्रार, म्हणजे ज्या दोन वायरींवर ईसीएम आणि मीटर एकमेकांशी बोलतात ती लाइन. त्यानं बॅटरीचं टर्मिनल काढलं आणि नऊ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये सी आणि डी पिनवर ओहम मोजले. लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, ते समांतर असल्यानं मिळून ६० यायला हवे. आले १२०. एका टोकाची वाट तुटली. केबिनच्या पाट्याखाली उंदरानं वायर कुरतडली होती. मशीन उभी असते त्याच गोठ्यात माझी तुरीची पोती होती, त्यामुळे उंदीर येणारच. जोडताना त्यानं दोन्ही वायरींचा पीळ जसाच्या तसा ठेवला. पीळ सुटला की बाहेरचा करंट त्यात घुसतो, म्हणे. पोती आता दुसरीकडं हलवली.

दोन गोष्टी त्यानं सांगितल्या त्या सगळ्यांनी ऐकाव्या. बकेटचे दात वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी आणि ईसीएमचे कपलर काढायचे, आणि वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा चिमटा वेल्डिंग होते तिथंच, अगदी जवळ लावायचा. आमच्याकडं हा चिमटा कुठंही चेसिसला मारतात, मग वेल्डिंगचा करंट कुठून फिरून जाईल याचा नेम नसतो. दुसरं, वायर तपासायला सुई टोचू देऊ नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभरानं आत हिरवा गंज धरतो.

कमी काय आहे तेही सांगतो. त्याच्याकडं कंपनीचं सॉफ्टवेअर नाही. नवीन इंजेक्टर टाकल्यावर त्याचा नंबर ईसीएममध्ये भरायचा असेल किंवा ईसीएमच बदलायचं असेल, तर कंपनीचाच माणूस लागतो. तो स्वतःच तसं सांगतो, आणि अशा कामाचे पैसे घेत नाही. पक्कं बिल मिळत नाही, साध्या वहीच्या पानावर लिहून देतो. सरकारी कामावर मशीन लावणाऱ्यांना ते अडचणीचं होतं. वॉरंटीत असलेल्या मशीनला त्यानं हात लावायला साफ नकार दिला, माझ्या साळ्याची मशीन होती ती. साळा रागावला, मला मात्र त्याचं बरोबर वाटलं. आणि एकदा कामात शिरला की फोन घेत नाही, दुपारी दोनपर्यंत वाट पाहायची तयारी ठेवा.

त्याला गाठायचं असेल तर सकाळी सात ते आठच्या मध्ये शेडवर जा, तेव्हा तो तिथं असतो. मीटरवरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा, सगळ्या आकड्यांचा, आणि कोड कोणालाही पुसू देऊ नका.