‘जुनी रॅम जुळत नाही’ म्हणाले आणि माझी चांगली रॅम काढून घेतली

मी पुण्यात घरून डीटीपीचं काम करते. 2023 च्या पावसाळ्यात दिवाळी अंकाची पानं लावायला घेतली आणि 8 जीबी रॅमवर मशीन रखडायला लागलं. एक स्लॉट रिकामा होता. आणखी एक 8 जीबीची डीडीआर4 प्रकारची रॅम टाकून घ्यावी म्हणून सीपीयू उचलून एका दुकानात नेला.

दुकानदाराने माझ्यासमोरच नवी रॅम लावली. स्क्रीन काळी आणि आतून बीप-बीप. “ताई, तुमची जुनी हिच्याशी जुळत नाही. कंपनी वेगळी असली की असंच होतं. दोन्ही एकसारख्या घ्या, जुनीचे पाचशे वजा करतो.” मी हो म्हटलं. 3,100 रुपये रोख दिले. चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं: रॅम 16 जीबी, 2 नग. दोन्हींवर स्टिकर अगदी सारखे, 2666 चे (हा रॅमच्या वेगाचा आकडा).

घरी विंडोजने 16 जीबी दाखवली, मी निर्धास्त झाले. चौथ्या दिवशी निळी स्क्रीन आली, ‘मेमरी मॅनेजमेंट’. मग रोजच. पण मला खरं रडवलं ते फाइलींनी. चाळीस पानांची फाइल रात्री सेव्ह केली, पेन ड्राइव्हवर कॉपी केली, आणि सकाळी दोन्हीही उघडेनात. रॅममध्ये एखादा बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान तुकडा (0 किंवा 1), उलटला तर साध्या डेस्कटॉपला ते कळतच नाही, तो चुकीचा मजकूर मुकाट्याने डिस्कवर लिहून टाकतो. म्हणजे बॅकअपसुद्धा बिघडलेल्या फाइलचाच. आठ दिवसांचं काम गेलं.

भाच्याने सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. प्रत्येक रॅमवर एक बारीक चिप असते, तिच्यात रॅमची खरी माहिती असते. ती ‘एसपीडी’च्या पानावर दिसते. माझ्या ‘एकसारख्या’ जोडीतली एक 2400 ची निघाली, दुसरी 2133 ची. कंपन्या वेगळ्या, बनल्याची वर्षंही वेगळी. जुन्या मशीनमधून काढलेल्या रॅमवर नवे स्टिकर चिकटवले होते! (तिथे 2666 ऐवजी 1333 दिसलं तर घाबरू नका, डीडीआरमध्ये आकडा दुप्पट धरतात. माझ्या 2133 च्या रॅमपुढे 1066 दिसत होतं.) मग एकेक रॅम एकटी लावून रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅममधल्या चुका शोधणारं सॉफ्टवेअर, चालवलं. 2400 ची स्वच्छ निघाली, 2133 च्या रॅमने लाल ओळींचा, म्हणजे चुकांचा, ढीग लावला.

दुकानदाराचं उत्तर तेच: “मिक्स रॅमला असं होतंच.” मिक्स तर त्यानेच दिली होती! आणि हे अर्धसत्य आहे, त्यावरच तो धंदा करतो. वेगवेगळ्या वेगाच्या डीडीआर4 रॅम एकत्र लावल्या तर साधारणपणे दोन्ही कमी वेगावर चालतात. काही जोड्या खरंच जमत नाहीत, पण ते एकेक रॅम लावून, स्लॉट बदलून बघितल्याशिवाय ठरवता येत नाही. त्याने यातलं काहीच केलं नव्हतं. भाचा म्हणाला, रॅम पूर्ण खाली दाबली नाही, खटका बसला नाही, तरीही असेच बीप येतात. माझ्यासमोर तेच झालं असावं, असं मला आता पक्कं वाटतं.

म्हणून कळकळीने सांगते, सीपीयू दुकानात नेण्याआधी सीपीयू-झेड उघडा आणि आपल्या रॅमचा पार्ट नंबर, सिरीयल नंबर असलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा. जुनी रॅम ‘जुळत नाही’ म्हणाले तरी ती सोडून येऊ नका, घरी आणा. जीएसटीचं बिल मागा, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. रॅम बदलल्यावर पहिल्याच रात्री मेमटेस्ट लावा, आणि तोवर जुना बॅकअप पुसू नका.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. माझ्याकडे ती चिठ्ठी होती, तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना नंबर. बरीच हुज्जत घातल्यावर दुकानदाराने खराब रॅम बदलून दिली. माझी जुनी रॅम मागितली तर काउंटरखालच्या खोक्यातल्या सुट्या रॅम पुढे केल्या आणि म्हणाला, “यातली कुठली, ओळखा.” मला ओळखता आली नाही.